जिन्याखालची बॅटरी: गृहनिर्माण संस्थांच्या समित्यांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि समिती सदस्य,
राज्यातील सर्व सहकारी गृहनिर्माण संस्था

विषय: इमारतीतील शिसे-ॲसिड बॅटऱ्यांची जागा, बसवणी आणि देखभाल

स. न. वि. वि.

आपल्या इमारतीत शिसे-ॲसिडच्या बॅटऱ्या किती आहेत, हे एकदा बोटांवर मोजून पाहा. जिन्यातल्या दिव्यांच्या इन्व्हर्टरला दोन. वीज गेली की लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणून दार उघडणाऱ्या एआरडीला चार किंवा पाच. जनरेटरला एक किंवा दोन. डिझेलवरचा फायर पंप असेल तर त्याला आणखी दोन. फायर अलार्मच्या पॅनेलमध्ये ७ एएचच्या (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीची साठवण) दोन, सीसीटीव्हीच्या यूपीएसमध्ये एखादी. मध्यम आकाराच्या संस्थेत हा आकडा सहज दहा-बारावर जातो. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये मात्र बहुतेकदा 'इन्व्हर्टर, नग १' एवढीच नोंद असते.

आम्ही बॅटऱ्या बसवतो आणि त्यांची देखभाल करतो. बॅटरी घेताना समितीत दरावर आणि वॉरंटीवर तासभर खल होतो. ती ठेवायची कुठे, हे मात्र ठरते बसवायला आलेल्या मुलाच्या पाच मिनिटांत. त्याला रिकामा कोपरा दिसतो तो जिन्याखाली, नाहीतर मीटर रूममध्ये. इमारतीत बॅटरी ठेवू नये अशा ज्या दोन जागा आहेत, त्या नेमक्या याच. म्हणून हे पत्र दुकानदारांना न लिहिता आपल्याला लिहीत आहोत, कारण जागा देण्याचा अधिकार आपला आहे.

जिन्याखाली का नको, याचे कारण बॅटरीच्या पोटात आहे. चार्जिंग संपत आले, १२ व्होल्टच्या बॅटरीवरचा दाब १४.४ व्होल्टच्या आसपास पोचला, की आत येणारी वीज प्लेटांवर खर्च व्हायची थांबते आणि पाणी फोडू लागते. त्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटतात. झाकणाला कान लावल्यावर जी खदखद ऐकू येते ती हीच. (कान लावू नये, हे ओघाने आलेच.) एका सेलमधून, म्हणजे बॅटरीतल्या सहापैकी एका कप्प्यातून, एक अँपिअर-तास असा जादा गेला की साधारण ०.४२ लिटर हायड्रोजन तयार होतो. चार्जर ठीक असेल तर तो या टप्प्यावर करंट खाली आणतो आणि वायू मोजकाच निघतो. चार्जर बिघडून १५ अँपिअर रेटत राहिला, तर दोन बॅटऱ्यांच्या बारा सेलमधून तासाला ७५ लिटरहून जास्त हायड्रोजन निघतो.

आता आपली मीटर रूम घ्या. २ मीटर लांब, दीड मीटर रुंद, अडीच मीटर उंच, म्हणजे साडेसात घनमीटर किंवा ७,५०० लिटर हवा. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की ठिणगीने पेटतो. या खोलीत ४ टक्के म्हणजे ३०० लिटर. दार बंद असेल तर चार तासांचे काम! प्रत्यक्षात धोका त्याआधीच येतो, कारण हायड्रोजन हलका असतो, तो आधी छतालगत साठतो. आणि छतालगत काय असते? बल्ब, जंक्शन बॉक्स, जिन्याच्या दिव्यांचा टायमर. त्यातला काँटॅक्टर रोज संध्याकाळी ठिणगी टाकतोच. जिन्याखालच्या कपाटाचेही तेच, शिवाय आग लागली तर लोकांनी उतरायचे ते त्याच जिन्याने.

हायड्रोजनला वास नसतो. नाकाला झोंबतो तो ॲसिडचा बारीक फवारा. सडक्या अंड्यासारखा वास येऊ लागला तर बॅटरी फार जास्त चार्ज होते आहे असे समजावे. अशा वेळी त्या खोलीतले कोणतेही बटण दाबू नये, टर्मिनलला तर हातच लावू नये. बाहेरच्या पॅनेलवरून इन्व्हर्टरची मेन वीज तोडावी, दार सताड उघडावे आणि निदान अर्धा तास हवा खेळू द्यावी. मेन तोडल्यावर चार्जिंग थांबते आणि इन्व्हर्टर बॅटरीवर जातो, तो खोली मोकळी झाल्यावर बंद करावा.

दसरा-दिवाळीचे वेगळे सांगायला हवे. खंडेनवमीला आणि दसऱ्याला यंत्रांची पूजा होते, ती जरूर व्हावी. पण रात्रभर चार्जिंगवर असलेल्या बॅटरीच्या झाकणांसमोर कापूर ओवाळणे म्हणजे वायूपाशी ज्योत नेणे. जरीच्या तारेत ओवलेला ओला झेंडूचा हार दोन टर्मिनलांवर आडवा पडला तर तार लाल होऊन तुटते आणि ठिणगी उडते. हळद-कुंकू इन्व्हर्टरच्या पेटीला लावावे, हार दाराला घालावा. दिवाळीतल्या पणत्या जिन्याच्या प्रत्येक पायरीवर लागतात, तेव्हा पायरीखालच्या कपाटात काय आहे हे मुलांना ठाऊक नसते.

मग बॅटरी कुठे ठेवावी? तळमजल्यावर, बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या, ऊन आणि पावसाची झड न येणाऱ्या जागी. खोली असेल तर दोन जाळ्या हव्यात, एक जमिनीलगत आणि दुसरी छतालगत, शक्यतो समोरासमोरच्या भिंतींत. दोन १५० एएच बॅटऱ्यांसाठी प्रत्येक जाळी निदान १५ बाय २० सेंटिमीटर मोकळी असावी. डासांची बारीक जाळी लावली तर हवेची वाट अर्ध्याने कमी होते, तेव्हा भोक तेवढे मोठे पाडावे. दिव्याचे बटण खोलीबाहेर घ्यावे. इन्व्हर्टर बॅटरीच्या डोक्यावर फळीवर ठेवण्याची पद्धत सर्रास आहे, ती सोडावी. खालून येणाऱ्या ॲसिडच्या वाफेने त्याचा सर्किट बोर्ड कुजतो आणि त्याच्या रिलेची ठिणगी नेमकी वायूच्या वाटेवर पडते. तो बाजूला, अर्धा-पाऊण मीटर सोडून ठेवावा.

जमिनीवर ठेवलेली बॅटरी उतरते, असे अजूनही ऐकू येते. प्लॅस्टिकच्या डब्यातली बॅटरी जमिनीमुळे उतरत नाही. खाली ट्रे हवा तो वेगळ्या कारणासाठी. एका उंच ट्यूब्युलर (नळीसारख्या प्लेटांच्या) बॅटरीत १५ ते २० लिटर ॲसिडचे द्रावण असते, आणि शहाबादी किंवा कोटा फरशी हा चुनखडकच आहे. त्यावर ॲसिड सांडले की फसफसते आणि फरशी कायमची खरवडली जाते. कडा वर असलेला जाड प्लॅस्टिकचा ट्रे घ्यावा, लोखंडी पत्र्याचा नको.

बसवणीकडे वळू. इन्व्हर्टर २४ व्होल्टचा आणि भार १,५०० वॅटचा धरला, त्यात इन्व्हर्टरची घट मिळवली, तर बॅटरीच्या वायरीतून सुमारे ७८ अँपिअर वाहतात. घरातल्या गीझरच्या वायरीतून वाहते त्याच्या कितीतरी पट. म्हणून २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल घ्यावी आणि ती दीड मीटरहून लांब नको. तिच्या टोकाला चापून दाबलेला लग (नटाखाली बसणारे भोकाचे धातूचे टोक) हवा. तारा पिळून नटाखाली अडकवलेल्या चालणार नाहीत. सांधा ढिला राहून त्यात १० मिलीओहमचा जरी अडथळा आला, तरी ७८ अँपिअरला त्या एका ठिकाणी साठ वॅट उष्णता होते, म्हणजे टर्मिनलवर डाग देण्याची (सोल्डरिंगची) इस्त्री टेकवून ठेवल्यासारखेच. शिसे ३२७ अंशांना वितळते, आणि त्याच्या कितीतरी आधी टर्मिनलभोवतीचे झाकण मऊ पडून ॲसिड झिरपू लागते. बॅटरी 'टर्मिनलला गळते' अशी तक्रार येते तिच्यात अनेकदा दोष नटाचा असतो. उलट बाजूने, लांब पान्याने जोर लावून आवळले तर मऊ शिशाचा खांबच फिरतो. १२-१३ नंबरचा छोटा पाना, मनगटाचा जोर, आणि पंधरा दिवसांनी एकदा पुन्हा पाहणे, एवढे पुरते.

पॉझिटिव्ह टर्मिनलपासून ३० सेंटिमीटरच्या आत फ्यूज असावा. वरच्या हिशोबाला १२५ अँपिअरचा, डीसीसाठी बनवलेला, बंद घरातला. घरगुती एसी एमसीबी इथे चालत नाही, कारण डीसीचा आर्क आपोआप विझत नाही. फ्यूज नसेल आणि केबलचे आवरण ट्रॉलीच्या पत्र्याला घासून फाटले, तर बॅटरी दोन-अडीच हजार अँपिअर त्या केबलमध्ये ओतू शकते. मग केबल हीच आगीची वात होते. आमच्या मते कोटेशनमध्ये फ्यूजची वेगळी ओळ नसेल तर ते कोटेशन परत पाठवावे.

जोडणीच्या वेळी हातातली अंगठी, कडे, बांगड्या, घड्याळ आणि गळ्यातली साखळी काढून ठेवावी. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळावी. डोळ्यांना बाजूंनी बंद असलेला गॉगल हवा, साधा चष्मा पुरत नाही. हातात रबरी मोजे असावेत. भरलेली १५० एएच ट्यूब्युलर पन्नास ते साठ किलोची असते, ती दोघांनी दोरीच्या मुठींनी, सरळ ठेवून उचलावी. टर्मिनलला धरून उचलू नये. जिन्यावरून एकट्या वॉचमनला ती चढवायला लावणे हा आपल्याकडचा सर्वात स्वस्त आणि सर्वात वाईट उपाय आहे.

काढताना आधी मेन बंद, मग इन्व्हर्टर बंद, मग अर्धा तास थांबणे. चार्जिंग नुकतेच थांबलेले असते तेव्हा झाकणाखाली वायू भरलेला असतो, आणि पहिली ठिणगी तिथेच पडते. त्यानंतर आधी निगेटिव्ह सोडावे, मग पॉझिटिव्ह. जोडताना उलट, आधी पॉझिटिव्ह आणि शेवटी निगेटिव्ह. जनरेटरला हा क्रम जिवाशी निगडित आहे, कारण त्याचे निगेटिव्ह इंजिनच्या बॉडीला जोडलेले असते. आधी पॉझिटिव्ह सोडायला गेलेला पाना बॉडीला टेकला की पूर्ण शॉर्ट! शेवटची वायर जोडण्याआधी मल्टिमीटर लावून २४ व्होल्टच्या जोडीला २५ च्या आसपास दाब आहे आणि प्लस-मायनस सरळ आहे, एवढे पाहावे. शेवटच्या जोडणीला एक छोटी ठिणगी उडतेच, इन्व्हर्टरमधले कपॅसिटर भरून घेतात म्हणून. त्यासाठीच खिडकी उघडी ठेवायची. काम झाल्यावर टर्मिनलवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा, पण सांधा आवळल्यानंतर, आधी नव्हे.

जुनी आणि नवी बॅटरी एका जोडीत लावू नये. पैसे वाचवण्यासाठी दोनपैकी एकच बदलण्याचा ठराव बऱ्याच समित्या करतात. जुनीची ताकद कमी असल्याने ती आधी भरते आणि आधीच उतरते. चार्जरला फक्त जोडीचा एकत्र दाब दिसतो. जुनी उकळत राहते, नवी अर्धपोटी राहते, आणि वर्ष-दीड वर्षात दोन्ही जातात.

पाण्याबाबत गैरसमज फार आहेत. बॅटरीतून उडते ते पाणी, ॲसिड आतच राहते. त्यामुळे भरायचे ते फक्त डिस्टिल्ड पाणी. 'जोर कमी झाला' म्हणून वरून ॲसिड घालणारा कारागीर भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवावे. ॲसिड दाट झाले की प्लेटांची जाळी झिजते आणि बॅटरी वेळेआधी संपते. आरओचे पाणी म्हणजे डिस्टिल्ड नव्हे, त्यात क्षार उरतातच. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणीही नको. ते हवेतून येते खरे, पण कॉइलवरची धूळ आणि तांबे सोबत आणते.

पाणी चार्जिंग पूर्ण झाल्यावर भरावे, आधी नव्हे. चार्ज होताना द्रावण फुगते आणि आधी काठोकाठ भरलेले बाहेर येते. ते उतू गेलेले ॲसिड म्हणजेच टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी. अपवाद एकच, प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या जेमतेम बुडतील एवढे पाणी आधी घालून मग चार्जिंग करावे. फ्लोट (पाण्याची पातळी दाखवणारी तरंगती काडी) असलेल्या बॅटरीत हिरव्या खुणेवर थांबावे. फ्लोट कधी कधी जॅम होतो, तेव्हा बोटाने हलकेच दाबून तो वर येतो का ते पाहावे आणि बोट लगेच धुवावे. पावसाळ्यात आणि थंडीत तीन महिन्यांनी पाहिले तरी चालते. मार्च ते जून मात्र महिन्याला पाहावे, विदर्भात तर पंधरा दिवसांनी.

किती पाणी लागते, त्यावरून रोग कळतो. सहाही सेल सारखेच तहानलेले असतील तर चार्जर जास्त दाब देतो आहे. एकाच सेलला दर वेळी जास्त लागत असेल तर तो सेल आतून शॉर्ट आहे किंवा डबा तडकला आहे. ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर एक-दोनशे रुपयांना मिळतो. पूर्ण भरलेल्या इन्व्हर्टर ट्यूब्युलरमध्ये तो १.२४० च्या आसपास दाखवतो, जनरेटरच्या बॅटरीत १.२६० च्या वर. सेलसेलमध्ये ०.०३० हून जास्त फरक दिसला तर तंत्रज्ञाला बोलवावे. पाणी भरल्याबरोबर मोजू नये. नवे पाणी वर तरंगते आणि आकडा खोटा कमी येतो. एक चार्जिंग होऊ द्यावे.

लिफ्टच्या एआरडीतल्या आणि अलार्म पॅनेलमधल्या बॅटऱ्या वेगळ्या जातीच्या. लोक त्यांना 'ड्राय' म्हणतात, पण त्या कोरड्या नसतात. ॲसिड काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेले असते आणि वर झडप असते. ती उघडायची नाही, पाणी घालायचे नाही. त्यांना कायम जोडलेल्या अवस्थेत १३.५ ते १३.८ व्होल्ट पुरतात. इन्व्हर्टरच्या मागच्या बाजूला अनेकदा ट्यूब्युलर, फ्लॅट, एसएमएफ (म्हणजे हीच बंद जात) असे बटण असते. बॅटरी एसएमएफ आणि बटण ट्यूब्युलरवर, असे झाले की तिला जास्तीचा दाब बसतो, झडपेतून वायू जातो, आतले द्रावण आटते आणि डबा फुगतो. फुगलेली बॅटरी 'चालतेय ना' म्हणून ठेवू नये, त्या दिवशीच काढावी. फुगण्याचे दुसरे कारण उष्णता. गच्चीवरच्या लिफ्टच्या मशीन रूममध्ये मे महिन्यात पत्र्याखाली पंचेचाळीस अंश सहज होतात, आणि दर दहा अंश वाढीला बॅटरीचे आयुष्य निम्म्यावर येते. एआरडीची पेटी छताजवळून खाली, सावलीच्या भिंतीवर आणली तरी फरक पडतो. चार-पाच बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या की दाब ४८ ते ६० व्होल्ट होतो, तेव्हा तिथे लिफ्टच्या माणसाशिवाय कोणी हात घालू नये.

जनरेटर आणि फायर पंपाच्या बॅटऱ्या वर्षभर काही करत नाहीत, म्हणूनच त्या विसरल्या जातात. पाणी खाली गेले की झाकणाखालची पोकळी वाढते, तिच्यात वायू भरतो. स्टार्टर मारताना शेकडो अँपिअर जातात, आणि उघडी पडून कुजलेली आतली पट्टी त्या क्षणी तुटली तर ठिणगी वायूतच पडते. स्टार्ट मारताना बॅटरी फुटते ती बहुधा अशी. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार आपण दर जानेवारीत आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीचे फॉर्म बी (आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र) देता. त्याच दिवशी या बॅटऱ्यांची पाण्याची पातळी आणि विश्रांतीतला दाब लिहून घ्यावा. १२.५ व्होल्ट ठीक, १२ च्या खाली म्हणजे ट्रिकल चार्जर (बॅटरी सतत हळूहळू भरत ठेवणारा) बंद आहे किंवा बॅटरी बसली आहे.

बॅटरीच्या खोलीत दोन किलो खाण्याचा सोडा, एक बादली आणि पाण्याचा नळ हवा. सांडलेल्या ॲसिडवर सोडा टाकत राहावा, फसफस थांबली की मग पाण्याने धुवावे. टर्मिनल धुवायला लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम सोडा पुरतो, पण झाकणे घट्ट असावीत, सोडा सेलमध्ये गेला तर आतले ॲसिड मरते. माणसाच्या अंगावर ॲसिड उडाले तर सोडा नको, फक्त पाणी. डोळ्यांत गेले तर पापण्या धरून निदान वीस मिनिटे वाहत्या पाण्याखाली, आणि मग थेट दवाखान्यात. १०८ ला फोन दुसऱ्याने करावा, धुणे थांबवू नये.

राहिला भंगाराचा प्रश्न. जुन्या बॅटरीच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसे असते, म्हणून गल्लीतला भंगारवालाही चांगला भाव देतो. उचलायला हलकी व्हावी म्हणून तो ॲसिड तिथेच गटारात ओततो, आणि त्या ॲसिडसोबत शिशाचा गाळही जातो, जो पुढे मुलांच्या हाता-पायाला लागून पोटात पोचतो. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे वापरलेली बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून बॅटऱ्यांचे संकलन, नूतनीकरण किंवा पुनर्प्रक्रिया करणाऱ्या संस्थेकडे देणे वापरणाऱ्यावर बंधनकारक आहे. नवी घेताना जुनी परत घेण्याची अट ऑर्डरमध्येच लिहावी. ती भरलेली, सरळ उभी न्यावी, आणि पावतीवर नग, एएच आणि वजन असावे.

पुढच्या मासिक सभेत एक ठराव घ्यावा, ही आमची मागणी. इमारतीतील सर्व बॅटऱ्यांची यादी जागा आणि बसवल्याच्या तारखेसह डेडस्टॉक रजिस्टरमध्ये येईल. जिन्याखालच्या आणि मीटर रूममधल्या बॅटऱ्या तीस दिवसांत हलवल्या जातील. प्रत्येक जोडीला डीसी फ्यूज बसेल. आणि पाणी पाहणारा माणूस नावानिशी ठरेल. 'वॉचमन' एवढे लिहून चालणार नाही, कारण वॉचमन एजन्सीबरोबर बदलतो. यादीसाठी वही, हायड्रोमीटर, गॉगल, रबरी मोजे आणि सोडा हा सगळा खर्च एका नव्या बॅटरीच्या किमतीच्या दहाव्या हिश्श्यातही बसतो. जागा बदलण्यासाठी केबल लांबवायची वेळ आली तर बॅटरीची डीसी केबल लांबवू नये, इन्व्हर्टरही बॅटरीसोबत हलवावा आणि लांबवायची ती त्याची एसी वायर.

आपले,
बॅटरी आणि इन्व्हर्टरची बसवणी व देखभाल करणारे तंत्रज्ञ